उपाशीपोटी, नऊच्या आत

बसवकल्याण
१८ नोव्हेंबर २०२४

अंकुश,

शरणु शरणार्थी. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलं न्हाई. फोन करता आला असता, पण वर्कशॉपात ग्राइंडर चालू असतो आणि घरी फोन हातात घेतला की भागम्मा भाजीची पाटी घेऊन शेजारी येऊन बसते. हे बोलणं ओरडून करण्यासारखं न्हाई. मराठीत लिहायलोय त्यालाही कारण आहे. भागम्मा मराठी माझ्याहून चांगली बोलते, पण तिची शाळा आळंदला झाली, सगळी कन्नडमधी. मराठी कागद तिला कोराच. आपण दोघं बोर्डिंगात राहून मराठीत दहावी झालो, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग होतोय.

हंगाम चालू झालाय. रब्बीला पाणी सुटलं की जळक्या मोटरी माझ्या दारात येऊन पडतात. पूर्वी दिवसाला तीन मोटरींची तार नव्यानं भरायचो. आता एक भरली की खांदे उतरतात. गिऱ्हाईक समोर बोलत असतं आणि मला झोप लागते. दाढी आठवडाभर केली न्हाई तरी कुणाला कळत न्हाई, इतकी ती मंद झालीय. उगाच चिडतो. परवा चटणीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. मीठ कमी करा हे सांगणारा डॉक्टर माझाच.

आणखी एक आहे. ते तू समजून घे. नवराबायकोत जे असतं ते माझ्याकडून राहिलंच. जमत न्हाई एवढंच असतं तर वेगळं, मनातसुद्धा येत न्हाई. बावन्न वर्षांचा माणूस मी, ऐंशीचा व्हायलोय. दसऱ्यापासून उशी घेऊन वर्कशॉपात झोपतो. तिला सांगितलं, मोटरी चोरीला जायल्यात.

हुमनाबादला हायवेच्या कडेला एक तंबू आहे, तिथून पुड्या आणल्या. तंबूवाला म्हणाला, शुगरच्या गोळ्यांनीच हे होतं, त्या बंद करा. आठ वर्षांच्या गोळ्या महिन्यापासून बंद आहेत. पहिले चार दिवस तरतरी आली, आता नुसती तहान लागते.

भागम्मा पाच जानेवारीला पुण्याला जायलीय, सुधारानीकडं. लेकीला मदत, नातीला सांभाळायला. किती दिवस म्हणून विचारलं तर म्हणाली, "बघू." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती कधी "बघू" म्हणाली न्हाई. ती गेली तर परत येईल असं मला वाटत न्हाई. तू पेपर वाचणारा माणूस. काय करू ते लिही, आणि पत्र वर्कशॉपाच्या पत्त्यावर टाक.

तुझा
शिवशंकरप्पा

*

करजगी
२७ नोव्हेंबर २०२४

अप्पा,

राम राम. तुझं "ते तू समजून घे" मी समजून घेतलं. बोर्डिंगात माझा साबण वापरून वर नाही म्हणणारा तू, तू एवढं लिहिलंस म्हणजे पाणी गळ्याशी आलेलं असणार.

आपल्या भागात पुरुषाला दोनच आजार मंजूर आहेत. एक हार्टचा, दुसरा कंबरेचा. हार्टला मान आहे, कंबर म्हणजे कष्टाचा पुरावा. बाकीचे सगळे आजार बायकांना वाटून दिलेत. त्यामुळे तिसरा काही झाला की आपण तोंडाला रुमाल बांधून तंबूत जातो. आमच्याही रस्त्याला तसा एक तंबू लागतो. तिथं येणारा प्रत्येक जण म्हणतो, मित्रासाठी पाहिजे. एवढे जिवाभावाचे मित्र असलेला तालुका दुसरा नसेल.

तुझ्या दारात कुणी मोटर आणली आणि म्हणाला, उघडायची नाही, मीटर लावायचा नाही, वरूनच काहीतरी भुरभुरा, तर तू त्याला काय म्हणशील? ते स्वतःला म्हण. पुड्या गटारात टाक. शुगरच्या गोळ्या डॉक्टरला विचारून आजच्या आज चालू कर. त्या बंद करून तू जे केलंयस ते खरं धोक्याचं आहे, बाकीचं नंतर.

आता नीट वाच. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन म्हणून एक तयार होतं. शुगर बरीच वर्षं असली, पोट सुटलं, झोप नीट नसली, की पुष्कळांचं ते कमी पडतं. मग थकवा येतो, चिडचिड होते, दाढी मंदावते, आणि तुझं ते समजून घ्यायचं. हा आजार आहे, अब्रू गेलेली नाही. रक्ताची साधी तपासणी असते. टोटल टेस्टोस्टेरॉन म्हणायचं, आणि मान वर ठेवून म्हणायचं.

वहिनींना सांगितलंस का? तुझ्या पत्रात मोटरी आहेत, मीठ आहे, तंबू आहे. बायकोला सांगितल्याचं तेवढं कुठं नाही.

माझं ठीक आहे. तूर बरी आहे. मी राखणीला रानातच असतो.

तुझा
अंकुशराव

*

बसवकल्याण
१२ डिसेंबर २०२४

अंकुश,

पुड्या टाकल्या. गोळ्या चालू केल्या. तपासणीही केली. तांब्याची तार आणायला कलबुर्गीला गेलो होतो, परत येता येता संध्याकाळी सहाला एका लॅबमधी शिरलो. काउंटरवर चैत्रा नावाची पोरगी होती, सुधारानीपेक्षा लहान. तिनं विचारलं, "कोणती टेस्ट, अंकल?" मी मान वर ठेवून शुगर म्हणालो. मग बाहेर जाऊन चहा पिलो. मग परत गेलो आणि कागदावर लिहून दिलं. तिनं वाचलं, आणि दुसरी एखादी हसली असती तशी हसली न्हाई. तिथंच बसून रडावंसं वाटलं.

रिपोर्ट आला. तीनशेच्या वर पाहिजे म्हणतात, माझं एकशे ब्याऐंशी. कागद वार्निशच्या डब्यामागं ठेवलाय.

भागम्माला सांगणार न्हाई. काय सांगू? ज्या माणसाच्या भरवशावर तू आलीस तो मीटरवर निम्मा भरला, असं? ती पुण्याला जायलीय ते बरंच आहे. परवा मीच म्हणालो, "जा की, चार दिवस तुला बरं वाटंल." ती उठली. आत गेली आणि ज्वारी निवडत बसली. दोन तास. निवडलेलीच ज्वारी परत निवडत होती. म्हणजे मन पुण्याला लागलंय तिचं.

एक विचारायचं राहिलं. त्या टेस्टचं नाव, दाढीचं, झोपेचं, हे तुला एवढं बारीक कसं ठाऊक रे? हे कुठल्या पेपरात आलं होतं?

शिवशंकरप्पा

*

करजगी
१८ डिसेंबर २०२४

अप्पा,

पेपरात आलं नव्हतं. माझ्याच रिपोर्टात आलं होतं. दोनशे दहा. चार वर्षं झाली.

तुला मी शहाणपण शिकवत होतो आणि माझा कागद ट्रॅक्टरच्या सीटखाली आहे. सोलापूरला डॉक्टर केला, औषध घेतो, शुगर ताब्यात आहे, थकवा पुष्कळ कमी झाला. शरीराचं मी केलं. घरातलं केलं नाही.

मी पण उशी उचलली होती. तुझी वर्कशॉपात गेली, माझी रानात. चंद्रभागेला म्हटलं, तुरीला राखण पाहिजे. तूर निघाली. मग म्हटलं, उसाला डुकरं लागतात. ऊसही गेला. गेल्या उन्हाळ्यात रानात ढेकळांशिवाय काही नव्हतं, आणि मी ढेकळं राखत होतो. एकदा भाकरी घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं, "काय चुकलं माझं?" मी म्हटलं, "चुकायचं काय त्यात, डुकरं हायत." तिनं रिकाम्या रानाकडं बघितलं, भाकरी ठेवली आणि गेली. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. आमच्या घरात आता भांडणसुद्धा होत नाही. दोन परकी माणसं एकमेकांचा मान राखून राहतात तसं चाललंय.

तुला वाटतं वहिनींचं मन पुण्याला लागलंय. निवडलेली ज्वारी परत निवडणाऱ्या बाईचं मन कुठं असतं ते मला विचार. पाच तारखेच्या आत सांग. कागद समोर ठेव, तोंडातून शब्द फुटला नाही तर कागद बोलेल.

माझ्यासारखा ढेकळं राखत बसू नकोस.

अंकुशराव

*

बसवकल्याण
२४ डिसेंबर २०२४

अंकुशअण्णांना,

शरणु. हे अक्षर शाळेतल्या पोरीचं न्हाई, मी भागम्मा. मराठी लिहायची पहिलीच वेळ हाय, चुकलं तर सावरून वाचा.

काल यजमान तार आणायला कलबुर्गीला गेले होते. वर्कशॉपला कुलूप, म्हणून पोस्टमन गुंडप्पानं तुमचं पत्र घरी आणून दिलं. यजमानांना वाटतं मला मराठी वाचता येत न्हाई. अण्णा, शाळेत आम्हाला तिसरी भाषा हिंदी होती. सातवीत शंभरात एक्क्याण्णव पडले होते मला. अक्षरं तीच की. अठ्ठावीस वर्षं मी लग्नपत्रिका वाचते, उमरग्याच्या बसची पाटी वाचते, औषधाच्या दुकानातलं बिल वाचते. ह्यांनी कधी विचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई. थोडं आपल्यापाशी ठेवावं असं बाईला पण वाटतं.

पत्र फोडलं ही चूक झाली. वाचून परत भाताच्या शितानं चिकटवलं आणि संध्याकाळी ह्यांच्या हातात दिलं. पण फोडलं नसतं तर मी पाच तारखेला गेले असते आणि परत आले नसते. हे खरं सांगायलेय.

दोन वर्षांमागं माझी पिशवी काढली ते तुम्हाला ठाऊक हाय. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांची काढलीय, त्यात काही नवं न्हाई. दवाखान्यातून आले तेव्हा शेजारीण म्हणाली, "आता तू रिकामं मडकं झालीस, काळजी मिटली." मी पण हसले. पण दसऱ्याला यजमान उशी घेऊन निघाले तेव्हा मला तेच आठवलं. मला वाटलं, मडकंच नको झालंय ह्यांना. मी विचारलं न्हाई. विचारलं आणि ते व्हय म्हणाले तर मग मी त्या घरात कुठं बसू? म्हणून त्यांनी सांगायच्या आधी मीच तिकीट काढलं.

तुमचं पत्र वाचून मी रडले आणि मग हसू आलं. पाच हॉर्सपॉवरची मोटर एकटा उचलणारा माणूस, एका कागदाला भिऊन फिरायलाय.

आता काय करू सांगा. मला ठाऊक हाय असं म्हटलं तर ते शरमेनं अर्धे होतील. गप बसले तर पाच तारीख येईल.

चंद्रभागाक्काचं वाचलं ते माझ्यापाशीच राहील. पण अण्णा, दुसऱ्याला सांग सांग म्हणायलात. तुमचं कधी?

भागम्मा

*

करजगी
२८ डिसेंबर २०२४

वहिनी,

नमस्कार. हे पोस्टात टाकलं तर पाच तारखेच्या आत पोचेल याची खात्री नाही, म्हणून कलबुर्गीच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. तो तिथून बसवकल्याणच्या गाडीत देईल. संध्याकाळी स्टँडावरून घ्या एवढंच तुम्हाला फोनवर सांगितलं, बाकी इथं.

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याचं उत्तर या पत्रात नाही, त्याबद्दल माफ करा.

तुम्ही त्याचं काही काढू नका. तुमचं बोला. मडक्याचं त्याला सांगा. तो माणूस स्वतःच्या दुखण्यासाठी तोंड उघडणार नाही, पण तुमच्या मनात असं काही आहे हे कळल्यावर तो गप बसू शकणार नाही. एवढं मी त्याला ओळखतो. आणि समोर बसवून विचारू नका. तो उठून मोटर उघडेल.

अंकुशराव

*

बसवकल्याण
१० जानेवारी २०२५

अंकुश,

काय काय झालं ते क्रमानं सांगतो, नाहीतर मलाच खरं वाटत न्हाई.

तीस तारखेला येळवस होती, रानपूजेची अमावस्या. वर्कशॉप बंद. आम्ही दोघं धाकट्या भावाच्या, विरुपाक्षाच्या रानात गेलो. तुला ठाऊकच आहे, कडब्याची खोप, पूजा, भज्जी, आंबील, सगळं गणगोत गोळा झालेलं. पूजेनंतर पिकाभोवती आंबील शिंपडत फेरी घालायची असते. विरुपाक्ष म्हणाला, अण्णा, तू थोरला, तू फीर. पुढं मी आंबिलीचं मडकं घेऊन, मागं भागम्मा.

हरभऱ्याच्या बांधाला वळलो तशी ती मागून बोलायला लागली. मला फेरीत मागं वळून बघता येत न्हाई, ते तिला बरोबर ठाऊक. म्हणाली, "मी पुण्याला जायलेय ते नातीसाठी न्हाई." मी आंबील शिंपडली. म्हणाली, "पिशवी काढल्यापासून मी तुम्हाला नको झाले, म्हणून जायलेय. तुमच्यावर राग न्हाई. नुसतं सांगून जावं वाटलं."

अंकुश, माझ्या हातातली आंबील अर्धी माझ्याच पायावर सांडली. तिला असं वाटत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच न्हाई. मी तिच्यापासून तोंड लपवत होतो, आणि ती समजत होती मी तोंड फिरवलंय. मी चालता चालताच बोललो. समोर ज्वारी होती, तिलाच सांगितल्यासारखं सगळं सांगितलं. थकवा, तंबू, पुड्या, एकशे ब्याऐंशी.  मला वाटलं ती थांबली. पण चालत होती, पैंजण ऐकू यायले होते.

फेरी संपली, खोप आली, आणि बोलणं अर्ध्यावर. मी परत बांधाला लागलो. विरुपाक्ष ओरडला, "अण्णा, एकदाच फिरायचं असतंय." भागम्मा त्याला म्हणाली, "औंदा दोनदा." दुसऱ्या फेरीत आंबील संपली होती. मडक्यात नुसताच हात घालून शिंपडत होतो. सगळं रान बघत होतं, आणि ती मागून म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं? मी काय तंबूवाल्यापेक्षा परकी हाय?" 

तीन तारखेला पहाटेच्या पहिल्या गाडीनं दोघं कलबुर्गीला गेलो. डॉक्टरनं माझा रिपोर्ट बाजूला ठेवला. म्हणाला, हे रक्त संध्याकाळचं हाय, याच्यावर भरवसा ठेवता येत न्हाई. ही तपासणी उपाशीपोटी, सकाळी नऊच्या आत करायची, आणि एकदा कमी आली तर परत एकदा करायची. मी नशिबावर खापर फोडत होतो ते चुकीच्या वेळेच्या रक्तावर. पण फार आनंद करू नकोस. पहाटेपासून उपाशीच होतो, तिथंच लगेच रक्त दिलं, त्यातही कमीच आलं, एकशे ब्याण्णव. शुगर मात्र तीनशे चाळीस. डॉक्टर रागावला तो त्यासाठी. म्हणाला, पुडीत काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कशाकशात स्टेरॉईड निघतं, त्यानं शुगर आणखी चढते. आता गोळ्यांबरोबर थोडे दिवस इन्सुलिन. रोज चालायचं, वजन उतरवायचं. तीन महिन्यांनी परत रक्त, मग बाकीच्या औषधाचं ठरवू.

मी म्हणालो, "म्हणजे डॉक्टर, मोटर जळाली न्हाई, व्होल्टेज पडलंय." तो म्हणाला, "बरोबर. आणि पडलेल्या व्होल्टेजवर तुम्ही मोटर ओढत बसलात, ती गरम होणारच." गरम होण्याचं तो माझ्या चिडचिडीबद्दल बोलत होता.

मग त्यानं विचारलं, "हा त्रास नक्की कधीपासून आहे?" मी टेबलावरचा रिपोर्ट सरळ करत बसलो. भागम्मा शेजारून म्हणाली, "मागच्या उगादीपासून." डॉक्टरनं लिहून घेतलं. मी तिच्याकडं बघितलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

पाच तारखेला ती पुण्याला गेली. सुधारानीनं रजा टाकली होती, तिला अडवणं बरं न्हाई. पण जायच्या आधी परतीचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. चोवीस तारीख. इन्सुलिनची सुई स्वतःला टोचायची तिनंच शिकवली. मी डोळे मिटत होतो. तिला मराठी वाचता येतं हेही जाता जाता सांगून गेली. मी तुला लिहिलेली पत्रं आठवून दोन दिवस मला जेवण गोड लागलं न्हाई. तुम्हा दोघांचं संधान होतं हे कळलं. तुझ्याशी त्याबद्दल बोलेन, पण आत्ता न्हाई. आत्ता तुझे उपकार आहेत.

ते समजून घ्यायचं होतं ते अजून तसंच आहे. त्याला वेळ लागंल, किंवा पूर्वीसारखं होणारही न्हाई, डॉक्टर स्पष्ट बोलला. पण येताना बसमधी ती माझ्या खांद्यावर झोपली, शहाबादी फरशीचे ट्रक बाजूनं जात होते, आणि मला वाटलं, गाडी हळू चालवावी ड्रायव्हरनं. उशी घरात आली आहे.

रोज संध्याकाळी फोन करते. पहिला प्रश्न शुगर किती. दुसरा, "अंकुशअण्णांनी सांगितलं का?" मी म्हणतो, आज ना उद्या सांगंल. मला खोटं पाडू नकोस.

शिवशंकरप्पा

*

करजगी
२ फेब्रुवारी २०२५

अप्पा,

पत्राला उशीर झाला, कारण उत्तर तयार नव्हतं.

तुला चार चार पानं लिहिणारा मी. चंद्रभागेला लिहायची सोय नाही. तिला अक्षर येत नाही, ना मराठी, ना कन्नड. नाहीतर मी केव्हाच एक चिठ्ठी पिठाच्या डब्यावर ठेवून रानात पळालो असतो. तोंडानंच सांगायचं होतं, आणि माझं तोंड तुला ठाऊक आहे. गावभर चालतं, उंबऱ्याच्या आत बंद पडतं.

तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी गेलो. ती शेंगा फोडत होती. मी तुरीचा भाव सांगितला आणि परत आलो. आठवड्यानं परत गेलो. गावात कुणाचं लग्न ठरलं ते सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तिसऱ्यांदा गेलो तर तिच्याकडं बहीण आलेली. मला इतकं बरं वाटलं की स्वतःची लाज वाटली.

काल दुपारी गेलो. अंगणात उन्हाला वाकळ पसरून शिवत बसली होती. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि सांगितलं. जसं आलं तसं. रक्तात कमी आहे, चार वर्षं झाली, औषध चालू आहे, तुझं काही चुकलं नव्हतं, रानात डुकरं नव्हती. मोजून तीन मिनिटं लागली असतील.

ती शिवायची थांबली. मला वाटलं आता चार वर्षांचं सगळं बाहेर येईल, आणि ते ऐकायची माझी तयारी होती. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं,

"दुखतंय का कुठं?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मग उभे कामून हाव? बसा की." आणि वाकळीवर सरकून तिनं जागा केली.

मी बसलो. थोड्या वेळानं ती रडली, माझ्याकडं न बघता, हातातलं काम न सोडता.  मग तिनं चार वर्षांतल्या एक एक गोष्टी विचारल्या, तारीखवार. बायकांना तारखा कशा ठाऊक असतात ते तुला आता सांगायला नको.

हे पत्र मी तिच्या शेजारी बसून लिहायलोय. "कुणाला लिहिताव?" म्हणाली. बसवकल्याणच्या अप्पाला, म्हटलं. "काय लिहिताव?" म्हणाली. म्हणून तुमच्याकडून आलेली सगळी पत्रं पहिल्यापासून वाचून दाखवली. मडक्याचं ऐकून म्हणाली, त्या शेजारणीला मला एकदा भेटायचंय. कॅलेंडरचं ऐकून हसली.

आता म्हणते, एवढं बास झालं लिहिलेलं, बाकीचं आपल्यात राहू द्या.

म्हणून इथं थांबतो.

अंकुशराव